स्कॉटलंडमधला मूसाचा दगडी बुरूज चुन्याशिवाय दोन हजार वर्षं कसा टिकला?

मुख्य कारण म्हणजे त्याची दुहेरी भिंत. शेटलंडमधल्या मूसा बेटावरचा हा बुरूज (तिकडे अशा बुरुजाला 'ब्रॉख' म्हणतात) इ.स.पू. 300 च्या सुमारास, लोहयुगात बांधला गेला. आजही तो सुमारे 13 मीटर उंच आहे; उरलेल्या ब्रॉखांपैकी इतका शाबूत दुसरा नाही.

आपल्या कोकणातल्या गडग्यासारखे नुसते दगडावर दगड रचलेत. तळाशी भिंत जवळजवळ भरीव, आत फक्त छोट्या खोल्या. वर मात्र तिच्या दोन भिंती होतात आणि आडव्या सपाट फरश्या त्यांना जागोजागी बांधून ठेवतात. त्यामुळे वरचं वजन घटतं, पकड मात्र सुटत नाही. या दोन भिंतींमधल्या फटीतूनच जिना गोल फिरत थेट माथ्यापर्यंत जातो! बाहेरून पाहिलं तर बुरूज वर निमुळता होत गेलेला दिसतो. तिथला दगडही चपट्या लाद्यांसारखा निघतो, म्हणून थर घट्ट बसले.

उन्हाळ्यात रात्री जाता आलं तर जरूर जा. भिंतीतल्या फटींमध्ये स्टॉर्म पेट्रेल या चिमुकल्या समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत, आणि अंधारात दगडांच्या आतून त्यांची घरघर ऐकू येते.