'आप्पा', 'वा' आणि कोरियन भाषेचे खोटे माहेर

कोरियन मालिका आवडीने पाहणाऱ्या एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. नायिका मित्राला 'ओप्पा' का म्हणते, हा पहिला प्रश्न. 'आप्पा' (बाबा) आणि 'ऑम्मा' (आई) हे शब्द तमिळमधून कोरियनमध्ये गेले हे खरे का, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण हे विधान इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा कानी पडते की आता ते ऐकवत नाही. आईबापांसाठीचे शब्द हा भाषांच्या नात्याचा सर्वांत दुबळा पुरावा आहे. तान्ह्या मुलाचे ओठ मिटले आणि उघडले की 'म', 'प', 'ब' हीच व्यंजने आधी निघतात आणि जगभरचे आईबाप ती आपल्याला उद्देशून आहेत असे मानतात, हे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी फार पूर्वी नीट मांडले आहे. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे वडील आणि 'देदा' म्हणजे आई! मराठीतले अण्णा, अक्का, आप्पा कन्नडमधून आले असे आपण म्हणतो, ते केवळ उच्चार जुळतात म्हणून नव्हे. त्यामागे शेकडो वर्षांचा शेजार आहे.

'पण क्रियापदेही जुळतात,' असे यावर सांगितले जाते आणि नेहमी एकच उदाहरण पुढे येते: तमिळमध्ये 'इंगे वा' म्हणजे 'इकडे ये' आणि कोरियनमध्ये 'इरी वा' म्हणजेही 'इकडे ये'. हा 'वा' मात्र उकलून पाहण्यासारखा आहे. कोरियन धातू 'वा' नाहीच, तो नुसता 'ओ' आहे. कोशात 'ओदा', 'येतो' म्हणायचे तर 'ओन्दा', 'आला तर' म्हणायचे तर 'ओम्यॉन'. यांत 'व' औषधालाही सापडत नाही. 'ओ'ला 'आ' हा प्रत्यय लागला की दोन्ही स्वर एकमेकांत मिसळून 'वा' होतो, जसे आपल्याकडे सु + आगत यांचे 'स्वागत' होते. तमिळमध्ये मात्र 'वा', 'वन्दान' (तो आला), 'वरुवान' (तो येईल) या सर्व रूपांत 'व' मुळातलाच आहे. एकीकडे संधीतून उपजलेला 'व' आणि दुसरीकडे धातूचा 'व', यांना सख्खे ठरवणे म्हणजे व्याकरण बाजूला ठेवणे होय. अमेरिकन मिशनरी होमर हल्बर्ट यांनी १९०५ मध्ये कोरियन आणि द्राविडी (तमिळ, कन्नड इत्यादी) भाषांचे तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले आणि या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या ठरवल्या. कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या या माणसाबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा हा निष्कर्ष टिकत नाही आणि आजचे अभ्यासकही तो सहसा स्वीकारत नाहीत.

साम्यच हवे असेल तर ते 'मॉक्ता', म्हणजे 'खाणे', या क्रियापदात पाहावे. कोरियन माणूस 'योक' म्हणजे शिव्या खातो, 'न्वेमुल' म्हणजे लाच खातो आणि फुटबॉलमध्ये गोलही खातो. मराठी माणसाला यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही. येथे कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. नकोसे किंवा न शोभणारे काही पदरात घेणे याला दोन्ही भाषांनी आपापल्या परीने 'खाणे' म्हटले, आणि हे साम्य मला 'आप्पा'पेक्षा कितीतरी मोलाचे वाटते.

'ओप्पा'चे थोडक्यात: बहीण थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते, धाकटा भाऊ त्यालाच 'ह्यॉङ' म्हणतो, मोठ्या वयाच्या मित्राला किंवा प्रियकराला मुलगी 'ओप्पा' म्हणते, तो याच नात्याचा विस्तार आहे.

धाकटे-थोरले ठरते ते वयावरून, आणि कोरियनमध्ये वयसुद्धा खाल्लेच जाते: 'नाई' म्हणजे वय, 'नाईरुल मॉक्ता' म्हणजे वय वाढणे. नववर्षाच्या दिवशी तांदळाच्या वड्यांचे 'तॉक्कुक' नावाचे सार खाल्ले की एक वर्ष वाढले असे मानतात, म्हणून 'आजवर तॉक्कुकचे किती वाडगे खाल्लेस?' असे विचारले, तर तो वयाचाच प्रश्न असतो.