माळ्यावरचा टीव्ही गेम : वाचकांची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या महिन्यात जुन्या टीव्ही गेमांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि इतकी पत्रं आली की हे सगळं पान त्यांनाच दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी नारायण पेठेत एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. मे महिन्याच्या सुट्टीत निम्मी बोलावणी याच गेमांसाठी असायची : चॅनल लावून द्या, चित्र पळतंय, आवाज येत नाही. घरोघरचे ते डबे बघता बघता मी जमवायला लागलो.

प्रश्न : काका, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर दादाचा जुना गेम सापडला. काळा, चकचकीत, वर मोठी गोल चकती आणि 'टर्मिनेटर' असं नाव. दिसायला हुबेहूब सेगा मेगा ड्राइव्ह. दादा अमेरिकेतून रोज फोन करून विचारतोय, हा खरा सेगा आहे का? (सहकारनगर)

उत्तर : नाही, हा सेगा नाही. दादाला आजच सांगून टाका, म्हणजे त्याची घालमेल थांबेल. सेगा आणि निन्टेन्डो या टीव्ही गेम बनवणाऱ्या दोन जपानी कंपन्या. अंगरखा सेगाचा आहे, आतला जीव निन्टेन्डोचा.

खात्री करायची असेल तर कॅसेटचे दात मोजा. कॅसेटच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सोनेरी पट्ट्या दिसतील. एका बाजूला तीस, म्हणजे एकूण ६० असतील तर ती फॅमिकॉमच्या घराण्यातली. मेगा ड्राइव्हच्या कॅसेटला ६४ असतात आणि निन्टेन्डोने अमेरिकेत विकलेल्या यंत्राच्या कॅसेटला ७२. फॅमिकॉम हे निन्टेन्डोचं मूळ जपानी यंत्र, जुलै १९८३ मध्ये बाजारात आलं. त्याच्या नकला तैवानात आणि पुढे चीनमध्ये इतक्या झाल्या की अर्ध्या जगाने अस्सल यंत्र कधी पाहिलंच नाही. रशियात १९९२ च्या अखेरीस ती 'डेंडी' नावाने आली, पोलंडमध्ये 'पेगासस' म्हणून, आपल्याकडे 'लिटल मास्टर' अशा नावांनी. (लिटल मास्टर म्हटलं की आपल्याला गावसकर आठवतात. माझ्या दुकानात आलेल्या एका मुलाला तो गेम क्रिकेटचाच असणार असं वाटलं होतं.)

म्हणून डब्यावरच्या नावाला भुलू नका. एकाच सर्किटवर पाच वेगवेगळी नावं मी पाहिली आहेत आणि एकाच नावाच्या डब्यात तीन वेगवेगळी सर्किटं. ओळख पटवायची ती आतून.

आणि एक विनंती. हा सेगा नाही म्हणून तो भंगारात घालू नका. जपानी फॅमिकॉम आजही पैसे मोजले की मिळतो. दादाने ज्या यंत्रावर सुट्ट्या काढल्या, ते हेच एक आहे.

प्रश्न : सर, जुन्या बाजारातून दीडशे रुपयांना एक गेम घेतला. उघडला तर सर्किटच्या मधोमध काळ्या डांबरासारखा गोळा आहे. जळला आहे का? विकणारा म्हणाला, अठ्ठ्याऐंशी सालचा पीस आहे. (कोथरूड)

उत्तर : जळलेला नाही. चिप थेट सर्किटच्या पाटीवर चिकटवून तिच्यावर राळ ओततात, तोच हा गोळा. आधीच्या नकलांत दोन मोठ्या, प्रत्येकी ४० पायांच्या चिपा असत : एक हिशेब आणि आवाज सांभाळणारी, दुसरी चित्र काढणारी. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा असतील तर त्यांवर यूए ६५२७ आणि यूए ६५३८ असे आकडे दिसतील. शेजारी स्मृतीच्या दोन लहान चिपा. पुढे हा सगळा संसार एकाच चिपेत मावला आणि तिच्यावर गोळा बसला. म्हणजे तुमचा गेम नंतरच्या पिढीतला. अठ्ठ्याऐंशीचा तो नक्कीच नाही.

साल काढायची माझी पद्धत सांगतो, कारण संग्रहाची खरी गोडी मला त्यातच वाटते. बहुतेक चिपांवर चार आकड्यांचा एक खुणेचा क्रमांक असतो : पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. माझ्याकडच्या एका पाटीवर मोठ्या चिपा ९११८ च्या आहेत, म्हणजे १९९१ चा अठरावा आठवडा. पण स्मृतीची एक चिप ९२३१ ची आहे. मग हे यंत्र ऑगस्ट १९९२ च्या आसपास किंवा त्यानंतर जुळवलेलं, त्याआधी शक्यच नाही. पाटीवरची सगळ्यात तरुण चिप शोधायची, आणि विकणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही. फक्त कुणी नंतर दुरुस्तीत चिप बदलली आहे का, ते झाळाकडे बघून ताडायचं. कारखान्याचा झाळ एकसारखा दिसतो, आमचा हातचा जरा फुगीर असतो.

गोळ्याच्या पाटीवर तारीख सहसा सापडत नाही. तिथे पाटीवर छापलेला मॉडेल क्रमांक टिपून ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

प्रश्न : आमच्या मुलांकडे '९९९९९९९ इन १' अशी पिवळी कॅसेट होती. खरंच इतके गेम असतात का? आणि फुंकर मारली तरी आता ती चालत नाही. (नाना पेठ)

उत्तर : ताई, माझ्याकडच्या तशा एका कॅसेटमधले गेम मी वही घेऊन एका संध्याकाळी मोजले. सात निघाले. बाकी यादीत तेच गेम निराळ्या नावाने, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपासून सुरू होणारे. मारिओचा अख्खा पहिला गेम ४० किलोबाइटचा, त्यामुळे सात गेम बसवायला जागा फारशी लागत नाही.

फुंकर मात्र थांबवा. आपण सगळ्यांनीच ती मारली आणि कॅसेट चालली, पण ती चालायची काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने त्या पट्ट्या उलट गंजतात. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानकाडीच्या कापसाला लावून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या. कापूस काळा होईल तितक्या वेळा करा.

प्रश्न : गेमसोबतची बंदूक नव्या टीव्हीवर चालतच नाही. बदकं मरत नाहीत. बंदूक बिघडली का? (हडपसर)

उत्तर : बहुधा नाही. ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो, तो उजेड दिसला का एवढंच सांगतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे तत्क्षणी घडायचं. नव्या सपाट टीव्हीत चित्र थोडं उशिरा पोचतं, आणि तोवर गेमने 'नेम चुकला' असं ठरवलेलं असतं. ओळखीत कुणाकडे जुना डब्बा टीव्ही असेल तर तिथे लावून बघा.

ट्यूबवरून आठवलं. गेम खेळून पिक्चर ट्यूब जाते, ही भीती तेव्हा घराघरात होती आणि त्यापायी मुलांनी पुष्कळ बोलणी खाल्ली. तासन्‌तास एकच चित्र गोठवून ठेवलं तर डाग पडू शकतो, हे खरं. पण घरच्या खेळण्याने ट्यूब गेल्याचं मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

प्रश्न : अडॅप्टर हरवलाय. घरातला राउटरचा लावू का? जॉयस्टिकही सेगाची बसतेय असं दिसतं. (चिंचवड)

उत्तर : दोन्ही नको. नऊ पिनांचा प्लग आकाराने तोच असला तरी तारांची मांडणी वेगळी असते. बसतो म्हणून लावलात तर यंत्र जाऊ शकतं.

अडॅप्टरचंही तसंच. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि पिनेच्या आतल्या टोकाला ऋण असतं. राउटरच्या अडॅप्टरला बहुधा आत धन असतं. नकलांमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. माझ्या संग्रहातला सगळ्यात सुंदर गेम, लाल-पांढरा, खोक्यासकट, मी असाच उलटा अडॅप्टर लावून घालवला. जळका वास आला आणि संपलं. तो डबा अजून कपाटात आहे, मला तो टाकवत नाही.

म्हणून आधी यंत्राच्या पाठीवर खूण छापलेली आहे का बघा. नसेल तर उघडा. आत तीन पायांची ७८०५ नावाची चिप पत्र्याला स्क्रूने जोडलेली दिसेल, तीच ५ व्होल्ट करून पुढे देते. तिच्या मधल्या पायाशी पॉवर सॉकेटचं कोणतं टोक जोडलंय ते मल्टिमीटरने बघा, ते ऋण. हे जमणार नसेल तर यंत्र पिशवीत घालून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत घेऊन जा आणि दुकानदाराला समोर मोजायला लावून मगच ९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या.