जुना अ‍ॅम्प्लिफायर, वायरलेस हेडफोन

अरे, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची गाणी वायरलेस हेडफोनवर ऐकायचीत ना, मग त्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर कशाला? ब्लूटूथ ट्रान्समीटर घे, म्हणजे आवाज हेडफोनकडे बिनतारी पाठवणारी छोटी डबी; नवी पेठेतल्या दुकानांत विचारून बघ. दुकानदार कधी कधी नुसता रिसीव्हरच (आवाज पाठवणारा नाही, फक्त घेणारा) हातात टेकवतो, तेव्हा खोक्यावर नीट वाच. दोन्ही कामं करणारा असेल तर बारीक बटण ‘टीएक्स’वर, म्हणजे पाठवण्यावर ठेव.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ अशी लाल-पांढरी जोडी असते, तिथे आरसीए वायर (लाल-पांढऱ्या पिनांची) लावून ट्रान्समीटरला जोड. स्पीकरच्या टर्मिनलला मात्र चुकूनही नको, ट्रान्समीटर जळेल. टेप आउटवर अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम सहसा चालत नाही, आवाज हेडफोनवरूनच कमी-जास्त करायचा. ट्रान्समीटर टीव्हीला ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) वायरने जोडलास आणि काहीच ऐकू आलं नाही, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) निवड. आणि हेडफोन ट्रान्समीटरशी पेअर करताना, म्हणजे जुळवताना, मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेव, नाहीतर हेडफोन आधी तिकडेच पळतो.

आता कानाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. तू दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात असतोस, म्हणजे तुझा कोटा कारखान्यातच संपतो! वर पाळी सुटल्या सुटल्या कान थोडे बधिर असतात, सगळंच हळू वाटतं आणि हात व्हॉल्यूमकडे जातो. जेवण होईपर्यंत तरी कान मोकळे ठेव. पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवण्यापेक्षा पूर्ण कान झाकणारा हेडफोन घे. कानात शिट्टी दुसऱ्या दिवशीही वाजत राहिली, तर थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.