मोठं यंत्र की जवळचे ग्राहक? लॉनच्या व्यवसायाबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

तुझं पत्र वाचलं. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, लॉनची निगा राखण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे, आणि बसून चालवायचा मोठा मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, घ्यायला वडील पैसे उसने द्यायला तयार आहेत. तो मोअर घेऊ का, दर कसा ठरवू आणि शिक्षण सोडावं लागेल का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

मोठा मोअर आत्ता घेऊ नकोस. का, ते कागदावर मांडून पाहू. पन्नास सेंटिमीटर रुंदीचा, मागे चालत ढकलायचा मोअर घे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर सात-आठ सेंटिमीटर चढवावा लागतो, नाहीतर मध्ये गवताच्या मिशा उभ्या राहतात. म्हणजे कामाची रुंदी 42 सेंटिमीटर. ताशी चार किलोमीटर चालीने हिशेबात तासाला 1,680 चौरस मीटर येतात. वळणं, झाडं आणि पिशवी रिकामी करणं धरलं की हातात हजार-बाराशे पडतात. घराभोवतीचं 200 चौरस मीटरचं लॉन दहा-बारा मिनिटांत कापून होतं. पण कडा मारायला दहा मिनिटं, फरशीवरचं गवत झाडायला पाच, सामान उतरवायला-चढवायला दहा. आणि पुढच्या घरी पोचायला पंचवीस मिनिटं लागत असतील, तर एका लॉनमागे तास गेला.

आता दुप्पट वेगाचं यंत्र आणलंस तर प्रत्येक लॉनमागे पाच-सहा मिनिटं वाचतील. सहा लॉनला अर्धा तास. त्याऐवजी सहाही ग्राहक एकाच वस्तीत मिळवलेस आणि प्रवास पंचवीसवरून पाच मिनिटांवर आला, तर दोन तास वाचतात, तेही उसने पैसे न घेता. शिवाय मोठा मोअर अरुंद फाटकातून आत जात नाही, कोपऱ्यात वळत नाही, आणि त्याची ने-आण करायला ट्रेलर लागतो. शाळांची मैदानं, मोठी आवारं अशी कामं हातात आली की तेव्हा त्याचा विचार कर. पहिलं वर्षभर मात्र एकच वस्ती पकडून ठेव. लांबचं काम आलं आणि नाही म्हणायला जीवावर आलं तरी नाही म्हण.

सुरुवातीला लागणारं सामान थोडंच आहे: ढकलायचा मोअर, कडांचं गवत कापायला नायलॉन दोरीचा ट्रिमर, कापलेलं गवत हवेने उडवायला ब्लोअर, लोखंडी दाताळं, जादा पात्यांची एक जोडी, कानस, इंधनाचा डबा, जाड तळाचे बूट, गॉगल आणि कानांवरचं संरक्षण. पेट्रोल मोअरच्या आवाजात रोज काही तास काम केलं तर ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि गेलेलं परत येत नाही, म्हणून कान झाकणं पहिल्या दिवसापासून. टू-स्ट्रोक ट्रिमर असेल तर तेलाचं प्रमाण माहितीपुस्तिकेत बघ. 50 ला 1 असेल तर एका लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल. फोर-स्ट्रोक मोअरमध्ये हे मिश्रण घालायचं नाही, त्याचं तेल वेगळ्या टाकीत असतं. महिनाभराहून जास्त पडून राहिलेल्या पेट्रोलने कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. हंगामाच्या सुरुवातीला मोअर चालू न होण्याचं हे नेहमीचं कारण.

आता खरी कला, कापणीची. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही. सहा सेंटिमीटर ठेवायचं असेल तर नऊ झालं की काप. ग्राहक म्हणेल, 'एकदम बारीक करा, म्हणजे महिनाभर बघायला नको.' तिथे ठाम राहायचं. हिरवं पान गेलं की खाली पिवळट काड्या उरतात, मुळांची वाढ थांबते, जमिनीवर ऊन पडून तणाचं बी उगवतं, आणि दोष कापणाऱ्यावर येतो. गवत पंधरा सेंटिमीटर वाढलेलं असेल तर आधी दहावर काप, तीन-चार दिवसांनी सातवर. हरळीसारखी आडवी पसरणारी गवतं दोन ते चार सेंटिमीटरवर छान राहतात. झुपक्याने वाढणाऱ्या फेस्क्यूला सहा ते नऊ लागतात. गवत ओळखल्याशिवाय उंची लावू नकोस. इथे तुझं वनस्पतिशास्त्र कामाला येईल.

कापणीनंतर दुसऱ्या दिवशी लॉनवर राखाडी-तपकिरी झाक दिसली तर वाकून एक पान हातात घे. टोक सरळ कापलेलं असेल तर कारण दुसरं. टोकाला पांढुरके धागे लोंबत असतील तर पातं बोथट आहे, गवत कापलं न जाता फाटलंय. फाटलेल्या टोकातून पाणी उडतं आणि बुरशी शिरते. साधारण आठ-दहा तासांच्या कामानंतर धार लाव. आधी स्पार्क प्लगची वायर काढ, मग एअर फिल्टरची बाजू वर ठेवून मोअर कलंडव. उलट्या बाजूला कलंडवला तर तेल फिल्टरमध्ये उतरतं. धार लावल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघ. जी बाजू खाली झुकते ती जड. तिथलं लोखंड आणखी थोडं कानसून काढ. तोल गेलेलं पातं यंत्राला थरथरवतं आणि बेअरिंग खातं.

ओल्या गवतावर कापणी टाळ. गोळे पडतात, चाकांचे खोलगट पट्टे उमटतात, आणि एका लॉनची बुरशी चाकांबरोबर दुसऱ्या लॉनला जाते. आणि ट्रिमरची दोरी झाडाच्या बुंध्याला लागू देऊ नकोस. साल गोल सोलली गेली तर झाड काही महिन्यांनी वाळतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. बुंध्याभोवती वीतभर जागा पालापाचोळ्याने झाकून ठेवायला ग्राहकाला सांग.

खत दुसऱ्या टप्प्यावर. लवकर विरघळणाऱ्या खताची एका वेळची वरची मर्यादा चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र धर. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे चौरस मीटरला अकरा ग्रॅम युरिया. 200 चौरस मीटरला 2.2 किलो. निम्मं उभं फेकायचं, निम्मं आडवं, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. खत फेकायचं यंत्र लॉनवर उभं करून भरू नकोस. सांडलेल्या मुठीएवढ्या खताने तिथलं गवत जळतं. लगेच पाणी दे, नाहीतर युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं.

तणनाशक आणि कीटकनाशकाचं काम पहिल्या वर्षी घेऊच नकोस. पैशासाठी फवारणी करायला पुष्कळ ठिकाणी परवाना किंवा प्रशिक्षण सक्तीचं असतं, आणि वाऱ्याने उडालेल्या 2,4-डी या तणनाशकाने शेजाऱ्याची टोमॅटोची रोपं वाकडी होतात. निदान करायला मात्र आत्तापासून शीक. पावलांचे ठसे दाबलेलेच राहतात तेव्हा पाणी कमी आहे. गवत सतरंजीसारखं उचलून येतं तेव्हा खाली हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्लेली असतात. संध्याकाळी पाणी देणाऱ्यांच्या लॉनवर गोल तपकिरी डाग पडले तर आधी बुरशीची शंका घे, आणि पाण्याची वेळ पहाटेवर आणायला सांग.

दराचं. वर्षभराचा सगळा खर्च मांड: इंधन, तेल, पाती, दोरी, दुरुस्ती, वाहन, विमा, कर, आणि यंत्राची किंमत भागिले ते जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं. त्यात स्वतःची मजुरी मिळव. ही बेरीज प्रत्यक्ष पैसे मिळणाऱ्या तासांनी भाग. प्रवासाचे आणि धार लावण्याचे तास त्यात धरायचे नाहीत. बरेच नवखे इथेच फसतात, दिवसाचे सगळे तास कमाईचे समजून दर लावतात आणि पहिल्या मोठ्या दुरुस्तीला हात टेकतात. हा आला ताशी दर. ग्राहकाला तो न सांगता लॉन बघून एका खेपेची रक्कम सांग. रान माजलेल्या लॉनच्या पहिल्या कापणीला दुप्पट-तिप्पट वेळ जातो, तिची रक्कम वेगळी ठरव. किती दिवसांनी येणार, कापलेलं गवत कोण उचलणार, पाऊस आला तर काय, हे लिहून दे. दगड उडून काच फुटली तर भरपाई देणारा विमा पहिल्या ग्राहकाआधी काढ.

शिक्षण सोडू नकोस. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला चार-पाच लॉन, एवढं कॉलेजबरोबर जमतं. वनस्पतिशास्त्रानंतर मृदाशास्त्र किंवा हिरवळ-व्यवस्थापन शिकलीस तर क्रिकेट, फुटबॉल आणि गोल्फच्या मैदानांची कामं खुली होतात, आणि तिथे मातीचा अहवाल वाचता येणारा माणूस लागतो. तोवर प्रत्येक लॉनचं एक पान ठेव: गवताची जात, क्षेत्रफळ, कापायची उंची, तारीख, लागलेली मिनिटं, प्रवासाची मिनिटं. तीन महिने झाले की ती पानं मला पाठव, दर आणि वस्ती दोन्ही त्यावरून पुन्हा तपासू.