बार्लीवाईन ताजी प्यावी की ठेवून? आणि पुण्यात ती टिकते का?

तुमचा भाऊ मँचेस्टरहून येताना बार्लीवाईन या दाट, कडक बिअरच्या चार छोट्या बाटल्या आणतोय. त्या लगेच प्यायच्या की काही वर्षं ठेवायच्या, चव कशी घ्यायची आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्या तग धरतील का, हे तुम्ही विचारलंय. आधी थेट उत्तर देतो. एक बाटली दोन-तीन आठवड्यांनी उघडा. बाकीच्या तीन फ्रिजमध्ये ठेवा आणि वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने एकेक काढा. चारही एका बैठकीत संपवू नका, आणि चारही दहा वर्षांसाठी दडवूनही ठेवू नका. ताजी कशी लागते हेच ज्याला माहीत नाही, त्याला जुनीत काय बदललं ते कळणार कसं?

बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की जितकी जुनी तितकी चांगली. मला हे पटत नाही. ताजी बार्लीवाईन आणि मुरलेली बार्लीवाईन ही दोन वेगवेगळी सुखं आहेत. मुरताना काही गोष्टी येतात तशा काही कायमच्या जातात, आणि त्या जाणाऱ्या गोष्टीही सुंदर असतात.

नावात वाईन असली तरी ही बिअरच. जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि पाणी. द्राक्षाचा काही संबंध नाही. फरक आहे दाटपणाचा. माल्ट गरम पाण्यात भिजवला की गोड अर्क निघतो. त्यातला पहिला, सगळ्यात दाट अर्क या बिअरसाठी घ्यायचा आणि त्याच माल्टवर पुन्हा पाणी ओतून निघालेल्या पातळ अर्काची हलकी बिअर करायची, अशी इंग्लंडमधली जुनी रीत. पाण्याची घनता १.००० धरली तर साध्या लागरचा, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरचा, अर्क १.०४५ ते १.०५०च्या आसपास असतो, बार्लीवाईनचा १.०८० ते १.१२०. एवढी साखर यीस्टला संपवता येत नाही. त्यामुळे अल्कोहोल ८ ते १२ टक्क्यांपर्यंत चढतं आणि तरीही मागे भरपूर गोडवा उरतो. हा अर्क बराच वेळ उकळतात, त्यात त्याचा रंग गडद होतो आणि टॉफीसारखा खरपूसपणा येतो.

तुमच्या बाटल्या कोणत्या घराण्यातल्या आहेत ते आधी बघा, कारण ठेवायचं की प्यायचं हे त्यावर ठरतं. इंग्लिश घराणं माल्टचं. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या बास कंपनीची ‘नंबर वन’ हे एकोणिसाव्या शतकातलं त्याचं गाजलेलं नाव. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने १९६८ साली ‘थॉमस हार्डीज एल’ काढली आणि ती नीट ठेवली तर निदान २५ वर्षं सुधारत जाईल असा दावा लेबलवरच छापला. बाटल्या वर्षानुसार जपून ठेवणारे शौकीन या बिअरने तयार केले असं मी मानतो. मँचेस्टरच्या जे. डब्ल्यू. लीजची ‘हार्वेस्ट एल’ १९८६पासून निघते, सुमारे साडेअकरा टक्क्यांची. तुमचा भाऊ मँचेस्टरहूनच येतोय, तेव्हा ती मिळाली तर अवश्य आणायला सांगा. लंडनची ‘फुलर्स व्हिंटेज एल’ १९९७पासून दरवर्षी येते. ती साडेआठ टक्क्यांची, थोडी सौम्य, आणि नवख्या माणसाला फार सोयीची.

अमेरिकन घराणं हॉप्सचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने १९७५मध्ये ‘ओल्ड फॉगहॉर्न’ करून तिकडे सुरुवात केली. सिएरा नेवाडाची ‘बिगफूट’ १९८३ची, ९.६ टक्के. कडूपणाच्या मापात इंग्लिश बार्लीवाईन साधारण ३५ ते ७०च्या दरम्यान असते, अमेरिकन ५० ते १००. ताज्या बिगफूटमध्ये पाईनचा आणि ग्रेपफ्रूटच्या (पपनसासारख्या फळाच्या) सालीचा वास इतका दणदणीत असतो की मागचा माल्ट शोधावा लागतो. काही जण म्हणतात ती ताजी पिऊच नये. मी उलट म्हणतो. हा दणका ज्याने एकदा तरी घेतला नाही त्याने अर्धी बिगफूट पाहिलीच नाही.

आता चव घेण्याबद्दल. पहिली गोष्ट तापमान. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फगार, ही सवय इथे पूर्ण सोडायची. चार अंशांवर ही बिअर मुकी असते. गोड आणि कडू एवढंच कळतं. १० ते १३ अंश हे योग्य. फ्रिजमधून काढून हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास आणि मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर ठेवली की झालं. मग आणखी हळूहळू गरम होत जाते तशी ती उलगडते, म्हणून घाई करायची नाही.

ग्लास छोटा आणि तोंडाशी निमुळता हवा. ब्रँडीचा असेल तर उत्तम, नाहीतर वाईनचा चालतो. मगमध्ये ओतू नका, वास उडून जातो. एका वेळी शंभर मिलीच्या आसपास ओता. अनेक बार्लीवाईनमध्ये यीस्ट बाटलीतच ठेवलेलं असतं, त्यामुळे बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, एका संथ धारेत ओता आणि तळाचा सेंटीमीटरभर गाळ बाटलीत राहू द्या. तो प्यायला तर अपाय नाही, पण चव गढूळ होते.

ओतल्यावर आधी वास. हलवून नव्हे, ग्लास शांत धरून. मग थोडा फिरवून पुन्हा. मग छोटा घोट, तो जिभेवर सगळीकडे जाऊ द्यायचा, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडायचा. अर्धी चव तिथे कळते. पहिल्या घोटावर मत बनवू नका. अल्कोहोलमुळे जीभ पहिल्यांदा दचकते. खरं मत तिसऱ्या-चौथ्या घोटाला.

काय शोधायचं? याचे बहुतेक सगळे वास आपल्या घरात आहेत. काकवी, खजूर, काळे मनुके, सुकं अंजीर, पावाचा खरपूस कडा, मध, संत्र्याची साल. मित्रांना चव दाखवायची असेल तेव्हा मी यातलं थोडं थोडं एका ताटलीत मांडून ठेवतो. घोट घ्यायचा, ताटलीतलं काही हुंगायचं, पुन्हा घोट घ्यायचा. ज्याला ‘मला नुसतीच गोड लागते’ असं वाटत असतं, तोही काही वेळाने ‘ही काकवी नाही, खजूर आहे’ म्हणून वाद घालू लागतो. जिभेला शब्द मिळाले की ती जास्त ऐकते, हा माझा पक्का अनुभव.

ताज्या इंग्लिश बाटलीत टॉफी, बिस्किट आणि मुरंब्यासारखं फळ स्पष्ट असतं, कडूपणा ताठ असतो आणि अल्कोहोल थोडं टोचतं. हे सगळं तारखेसकट लिहून ठेवा. मोठं वर्णन नको. वास, गोडवा, कडूपणा, चटका आणि गिळल्यावर किती वेळ चव राहिली, एवढं चार ओळींत पुरे. पुढच्या बाटलीच्या वेळी हा कागद सोन्यासारखा आहे, कारण चवीची आठवण फार फसवी असते.

मुरताना आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. सगळ्यात आधी जातो हॉप्सचा वास, काही महिन्यांतच. मग कडूपणा हळूहळू उतरतो, कारण कडूपणा देणारी आम्लं मोडत जातात. अल्कोहोलचा चटका बोथट होतो. त्याच वेळी झाकणाखाली उरलेला आणि झाकणातून अगदी सूक्ष्म प्रमाणात शिरणारा ऑक्सिजन आपलं काम करत असतो. हलक्या बिअरमध्ये याच ऑक्सिजनने वाट लागते: ट्रान्स-२-नोनेनल नावाचं द्रव्य वर येतं आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. बार्लीवाईनमध्ये गडद माल्टची द्रव्यं, उरलेली साखर आणि अल्कोहोल इतकं असतं की तो पुठ्ठा त्यात बराचसा झाकला जातो आणि त्याच बदलांतून मनुका, बदाम, जुनं लाकूड, मध असे वास तयार होतात. स्पेनची शेरी नावाची वाईन प्यायलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. बाटलीतलं जिवंत यीस्टही सुरुवातीला थोडा ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून बाटलीत यीस्ट असलेल्या बिअर जास्त डौलाने म्हाताऱ्या होतात.

पण हे अनंत काळ चालत नाही. यीस्ट मरून विरघळायला लागलं की सोया सॉससारखी खारट-उग्र चव येते. अंग पातळ होतं, गोडवा राहतो पण त्याला आधार राहत नाही. अमेरिकन बाटली मला दोन ते चार वर्षांत सगळ्यात आवडते, इंग्लिश तीन ते सहा. त्यापुढे प्रत्येक बाटली स्वतःच्या मनाने वागते. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या वेगळ्या निघू शकतात. आंबट झालेली, व्हिनेगरचा वास मारणारी बाटली असेल तर ‘जुनी आहे ना, अशीच लागते’ म्हणून कुणी समजूत घातली तरी ऐकू नका. ती बिघडली आहे.

आता पुणे. इथे खरा शत्रू काळ नव्हे, उकाडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की या सगळ्या क्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होतात, आणि नुसत्या वेगाने नाही, वेगळ्या तोलाने होतात. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा माळा त्याहून तापतो. अशा माळ्यावर एक उन्हाळा काढलेली बाटली मुरत नाही, शिजते. नीट ठेवलेल्या बाटलीशी तिची तुलनाच नको. जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावरच्या जाड भिंतींच्या खोल्या बऱ्या असतात, पण मे महिन्यात त्यांचाही भरवसा मी धरणार नाही.

वाईन ठेवायचा छोटा कूलर असेल तर १२-१३ अंशांवर लावा, याहून चांगली सोय नाही. नसेल तर साधा फ्रिज. तिथे बिअर फार हळू मुरते, पण बिघडत नाही, आणि पुण्यात मला तेच महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच वर एकेका वर्षापेक्षा जरा जास्त अंतर ठेवायला सांगितलं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका. तिथे तापमान सारखं वर-खाली होतं आणि धक्के बसतात. खालच्या कप्प्यात, मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून, उभी. आडवी नाही: आडवी ठेवली की गाळ बाजूला चिकटतो आणि बिअरचा जास्त भाग हवेला लागतो. प्रकाशही नको, उन्हाने हॉप्समधली द्रव्यं फुटून घाणेरडा वास येतो. कागदावर वर्ष आणि ब्रुअरी लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी पाहुण्यांसाठी फोडेल.

आणताना भावाला एक सांगा: परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ३३० मिलीच्या सहा बाटल्या बरोबर बसतात. चारच का आणतोय? प्रवासाने गाळ ढवळला जातो, म्हणून आल्या आल्या उघडू नका. ते दोन-तीन आठवडे त्याचसाठी.

पुण्यात मिळेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल. ‘डूलाली’ने २००९मध्ये इथे मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हापासून पुण्याची जीभ बिअरच्या बाबतीत पुष्कळ तयार झाली आहे. पण आपल्याकडे स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांवर थांबते, त्यामुळे दहा-अकरा टक्क्यांची खरी बार्लीवाईन इथल्या मायक्रोब्रुअरीत मिळणं अवघड. तोवर सरावासाठी मायक्रोब्रुअरीत गेलात की गव्हाच्या बिअरऐवजी तिथली सगळ्यात गडद, माल्टची बिअर मागवा आणि ती मुद्दाम कोमट होऊ देऊन प्या.

सोबत काय खायचं? मसाला शेंगदाणे, चकली, तंदुरी काही नको. अल्कोहोल आणि कडूपणा दोन्ही तिखटाला भडकवतात आणि बिअर हरवते. भाजलेले अक्रोड, जुनं चीज, ब्लू चीज उत्तम. कॅम्पातल्या कयानीची श्रूजबेरी बिस्किटं ताज्या इंग्लिश बाटलीबरोबर फार छान जातात. मुरलेल्या बाटलीबरोबर माझी आवड खव्याच्या पोळीचा छोटा तुकडा, तूप न लावता. गुळाच्या पोळीबरोबर मात्र मला जमत नाही, तीळ सगळ्यावर मात करतो.

आणि प्रमाण. दहा टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत ३३ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २६. म्हणजे छोटी दिसणारी ही बाटली मोठ्या पेगपेक्षा जड आहे. दोघांत किंवा तिघांत एक, जेवणानंतर, आणि त्या रात्री गाडीला हात नाही.

पुढेमागे एकाच बिअरच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून प्यायची संधी आली तर जुनी आधी ओता. वाईनवाले कमी वर्षांची वाईन आधी घेतात, पण इथे ताजीचा कडूपणा जिभेवर बसला की जुनीतलं नाजूक काही लागत नाही. ताजी घेऊन झाल्यावर जुनीच्या ग्लासात मुद्दाम राखलेल्या दोन घोटांकडे परत या. तोवर ते खोलीच्या तापमानाला आलेले असतात आणि वास पहिल्यापेक्षा खूप पुढे गेलेला असतो.