इंग्रजीत 'डॉग' या शब्दाचे कुत्र्याखेरीज कोणते अर्थ होतात आणि ते कसे वापरायचे?

हॉटडॉग, अंडरडॉग वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ही सोडून द्या, तो हल्ली निबंधातच उरलाय. खरी मेख आहे ती 'डॉग' क्रियापद म्हणून येतो तेव्हा. त्यावरून मी ऑफिसात कडाक्याचं भांडलोय, म्हणून हे उत्तर.

तेव्हा मी एका दैनिकात खेळाच्या पानावर होतो. काम मुख्यतः एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायचं. एका टेनिसपटूच्या बातमीत वाक्य आलं : 'हिज सीझन वॉज डॉग्ड बाय इंज्युरी.' मी लिहिलं, 'मोसमभर दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही.' पान बघणाऱ्या वरिष्ठांनी ते खोडून केलं, 'दुखापतींशी चिवट झुंज देत त्याने मोसम गाजवला.' गाजवला! त्याच बातमीत खाली लिहिलं होतं की, पठ्ठ्याने पुढच्या स्पर्धेतूनही माघार घेतली आहे. मी ते दाखवलं. साहेबांनी कोश उघडला, विशेषणाच्या नोंदीवर बोट ठेवलं : चिवट, हट्टाला पेटलेला. म्हणाले, 'वाच मोठ्याने.' मी म्हटलं, साहेब, हे विशेषण झालं, आपल्या वाक्यात क्रियापदाचं रूप आहे, ते 'डॉग'च्या नोंदीत मिळेल, जरा वर बघा. 'म्हणजे कोश चूक आणि तू बरोबर?' विषय संपला. पान सोडायची वेळ झाली होती, ते तसंच सुटलं. म्हणजे वरच्या ओळीत मोसम गाजवला आणि खालच्या ओळीत माघार. खुलासा वगैरे कोण छापतंय!

तर फरक असा. क्रियापदाचं रूप 'डॉग्ड', एका झटक्यात म्हणायचं. विशेषण 'डॉगिड', दोन तुकड्यांत. स्पेलिंग मात्र एकच, त्यामुळे कागदावर माणूस फसतो. पुढे 'बाय' आला तर जवळजवळ नक्की क्रियापद समजा. नामाच्या आधी बसला, जसं 'डॉगिड डिटर्मिनेशन' किंवा 'डॉगिड रेझिस्टन्स', तर विशेषण. हे विशेषण बहुधा कौतुकाचं असतं. क्रियापदात कौतुकाचा लवलेश नाही, तिथे ससेमिरा आहे.

आणि हा ससेमिरा लावणारी बहुतेक वेळा माणसं नसतात. दुखापती, आरोप, अफवा, फुटकं नशीब अशा गोष्टी एखाद्याला, त्याच्या कारकिर्दीला किंवा एखाद्या प्रकल्पाला 'डॉग' करतात. माणसांनी मुद्दाम पिच्छा पुरवला, म्हणजे समजा पत्रकार एखाद्याच्या दाराशी ठाण मांडून बसले, तर 'हाउंड' जास्त शोभतो. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत कुत्र्याला सर्वसाधारण शब्द 'हुंड' हाच होता, जर्मनमध्ये आजही तोच आहे. 'डॉग' कुठून उपटला हे व्युत्पत्तीवाल्यांनाही धड सांगता आलेलं नाही. त्याने मुख्य जागा बळकावली आणि 'हाउंड' शिकारी कुत्र्यांपुरता उरला.

बाकीचे अर्थ झटपट : 'डॉगफाइट' म्हणजे लढाऊ विमानांची जवळून होणारी झटापट. 'डॉग-इअर' म्हणजे पुस्तकाच्या पानाचा दुमडलेला कोपरा. 'डॉग डेज' म्हणजे उत्तर गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्याचे दिवस. तिथे कुत्रा आकाशातला, म्हणजे व्याधाचा तारा. यादी आणखी लांबवता येईल, पण याद्या पाठ करून भाषा येत नाही, वाक्यं वाचून येते. आणि कोश बघायचा तर आधी शब्द वाक्यात काय काम करतोय ते ठरवा, मग नोंद शोधा. वय आणि हुद्दा दाखवून क्रियापदाचं विशेषण होत नाही. (साहेब, वाचत असाल तर नमस्कार.)

हां, आणखी दोन गोष्टी. 'बाय'ची खूण मी सांगितली खरी, पण कर्तरी वाक्यात 'बाय' येतच नाही : 'बॅड लक डॉग्ड हिम'. तिथे अर्थावरूनच ओळखावं लागेल. आणि 'डॉगिंग' हे रूप सुटं वापरू नका. पुढे कर्म असेल तर ठीक, पण नुसता शब्द ब्रिटिश बोलीत अश्लील आहे. अर्थ इथे लिहीत नाही, कोशात मिळेल.