याचे रुपये किती झाले?

मे महिना उजाडला की परदेशात राहणाऱ्या मुलांचं, भारतातून भेटीला आलेल्या आई-बाबांबद्दलचं एकच गाऱ्हाणं माझ्याकडे येतं. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या एकीनं ते असं मांडलं : "आई-बाबांना इतकं फिरवते, पण बाबा सारखे 'याचे रुपये किती झाले?' विचारतात. चार वाजले की 'घरी चल'."

चारचं कोडं सोपं होतं. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. नुकत्याच उतरलेल्या माणसाच्या शरीरात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्यात हिनं कोव्हेंट गार्डन स्टेशनात लिफ्टची रांग नको म्हणून त्यांना १९३ पायऱ्या चढवल्या होत्या! पहिले चार-पाच दिवस सकाळी एकच ठिकाण आणि दुपारी घरी, एवढं बास.

रुपयांसाठी मात्र बाबांनाच बोलावलं.

"इथे तुम्ही एकटे कुठे जाता?"

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "कुठंच नाही. पेन्शनच्या कामाला मी एकटा पुण्याला जाऊन येतो. इथे दूध आणायचं तरी ही सोबत येते."

मुलगी एकदम वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

मी तक्रारीपेक्षा घरात कोण कोणत्या जागी बसलंय ते आधी बघते, आणि ती सवय इथे कामी आली. घर चालवलेल्या माणसाच्या हातात ना किल्ली, ना पैसे. किमतीवर बोलणं एवढाच कारभार त्यांच्याकडे उरला होता.

म्हणून आधी शहर हातात द्या, मग दाखवा. किल्ली, पत्त्याची चिठ्ठी, चालू सिम आणि प्रत्येकाचं वेगळं ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या बस-रेल्वेचं भाडं भरायचं कार्ड. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही. बसमध्ये चढतानाच कार्ड टेकवायचं, ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, जाताना आणि बाहेर पडतानाही. विसरलं तर जास्तीचं भाडं कापलं जातं. बसमध्ये रोख चालत नाही. पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात बस बदलली तर भाडं पुन्हा पडत नाही, पण कार्ड तेच लागतं. गुडघे दुखत असतील तर एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घ्या, तिच्या सगळ्या स्टेशनांत पायऱ्यांशिवाय जाता येतं. एक मार्ग दोनदा सोबत करा. तिसऱ्यांदा तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि चुकले तरी बोलू नका. (हेच सगळ्यांना जड जातं.) चौथ्यांदा ते एकटे.

ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, तिथे रुपयांचा हिशेबच उद्भवत नाही. बाबांनी मात्र निवडलं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते. बस त्यांनीच शोधली आणि लेकीला दटावलं, "कार्ड घेतलंस ना?"

आईला मुलीचं ऑफिस बघायचं होतं, ती दुपारी जेवते कुठे तेही. मुलीनं केलेल्या दहा दिवसांच्या तक्त्यात ते नव्हतंच.